तुझ्या देवाचं आग्या मोहोळ

अक्का, तुला खाली सोडलं तेव्हा खड्ड्यात गारा होत्या. आदल्या संध्याकाळी पडलेल्या, पश्चिमेच्या कडेला सावलीत साचून राहिलेल्या, मातीनं मळलेल्या. कुणीतरी म्हणालं, घमेल्यानं काढून टाकू. मी म्हणालो, राहू द्या. उन्हाळाभर तू माठाशेजारी ओली फरशी बघून झोपायचीस. राहू दे म्हटलं.

पाळकसाहेबांनी मला स्मरणसभेसाठी चार ओळी लिहून आणायला सांगितलंय. जन्म कुठं, सेवा किती वर्षं केली, मागं कोण आहे. ते दुसरं कुणीतरी लिहील. मागं मी आहे, तुझा भाऊ, आणि मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण मध्येच तुटलं. तू गेलीस ते चांगलंच हरत असताना गेलीस, की जिंकत असताना, हेही मला नीट कळलेलं नाही.

आपलं भांडण सुरू झालं ते विजेपासून. आठवतं? आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. तुझा नवरा त्याच्याही आधी गेला होता आणि तू माहेरी परत आली होतीस, मला वाढवायला. माझे पुढचे दात पडले होते. वळवाचं आभाळ होतं. बाबा औत सोडून बांधावर पाणी प्यायला गेले, आणि आपण दोघं भाकरीचं फडकं घेऊन वाटेवर होतो. डोळ्यांसमोर पांढरं झालं. कान बंद झाले. मग पुन्हा दिसायला लागलं तेव्हा चांद्या बैल चारी पाय वर करून पडला होता आणि त्याच्या पोटावरचे केस जळत होते. दुसरा बैल मोडलेलं जू ओढत नांगरटीतून पळत होता. बाबा बांधावर उताणे पडले होते, पण उठले. पुढं कितीतरी दिवस त्यांना ऐकू येत नव्हतं, पण उठले.

संध्याकाळी सगळी वस्ती आपल्या अंगणात प्रार्थनेला जमली. प्रभूनं राखलं, प्रभूनं राखलं. मी चांद्याच्या पाठीवर बसून मोठा झालो होतो. मी सगळ्यांच्या मध्ये उभा राहून विचारलं, "मग चांद्याला कुनी मारलं?"

बाबांनी माझ्यावर हात उचलला. एक म्हातारा म्हणाला, असं इचारू नये लेकरा. फक्त तू माझ्याकडं बघून बोललीस.

"त्यानंच."

"वीज बी त्याचीच?"

"त्याचीच. हितं दुसरा कोन मालक हाय?"

मी बाहेर पळालो, धोंडा उचलला आणि चर्चच्या खिडकीवर घातला. काच फुटली. तू मला केरसुणीनं मारलंस, अगदी हात दुखेस्तोवर मारलंस, आणि मग गूळ-भाकरी खायला घातलीस. स्वतःही रडत होतीस. पण तुझा शब्द तू मागं घेतला नाहीस.

खरं सांगतो, दुसऱ्या कुणी माझी समजूत घातली असती, देव फक्त चांगलं करतो आणि वाईट दुसरंच कुणीतरी करतं असं सांगितलं असतं, तर मी तेव्हाच तो विषय सोडून दिला असता. तू सोडू दिलं नाहीस. मिसरूड फुटल्यावर मी चर्चला जायचं बंद केलं, आणि तू वस्तीची प्रार्थनाबाई झालीस. कुणाकडं ताप असो, बाळंतीण असो, दारुडा नवरा असो, तू डोक्यावर पदर घेऊन हजर. आणि तिथून घरी आलीस की माझ्याशी भांडायला बसायचीस. अवकाळीनं शेजाऱ्याची द्राक्षं आडवी झाली की मी विचारायचो, "तुझ्या मालकाला द्राक्षं आवडत न्हाईत का?" तू म्हणायचीस, "त्याला इचार. माझ्याशी कशाला भांडतोस?" मी म्हणायचो, "मला तो दिसत न्हाई, तू दिसतीस."

तू मऊ नव्हतीस. लोक आता तुला मऊ करायला लागलेत. स्मरणसभेत तुला मेणबत्तीसारखी करून ठेवतील. एकदा मोरीत नाग निघाला तेव्हा तू त्याचं डोकं फुकणीनं ठेचलंस, माझ्या हातात काठी असून मी मागं सरकलो होतो. मी म्हणालो, "अगं, तुझ्या देवाचाच की तो." तू मोरीत पाणी ओतत म्हणालीस, "त्यानं नाग केला. त्यानंच फुकनी बी माझ्या हातात दिली." आणि इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

आता त्या दिवसाचं.

वस्तीतले दाविदतात्या गेले होते. म्हातारे होऊन, झोपेत, सगळं यथासांग. पेटी माझ्याच पिकअपमधून नेली. मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि नेहमीसारखा बाहेरच थांबलो, कारण प्रार्थना सुरू झाली की मी दफनभूमीच्या कुंपणाच्या आत येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऊन तापलं होतं. पलीकडं गहू सोंगणीला आला होता. खड्ड्याच्या डोक्याशी तो वड, आणि वडाला आग्या मोहोळं लागली होती, दरसालसारखीच, सुपाएवढी, काळी. त्यांच्याकडं कुणी बघतही नव्हतं. मी लहान होतो तेव्हापासून ती येतात, पावसाच्या तोंडावर निघून जातात.

सारजामावशी, तात्यांची बायको, गुडघ्यांनी अधू. तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खड्ड्याजवळ ठेवलं होतं आणि तू तिच्या शेजारी उभी होतीस, एक हात तिच्या खांद्यावर. एवढं मला रस्त्यावरून दिसत होतं. पाळकसाहेबांचा आवाज येत होता. देणारा तो, नेणारा तो, अशा अर्थाचं काहीतरी.

आधी आवाज थांबला. मग कुणीतरी किंचाळलं. मी वळून बघितलं तर सगळी माणसं पळत सुटली होती, डोक्यावरून हात झाडत, एकमेकांना तुडवत. पाळकसाहेबांनी झगा डोक्यावर घेतला होता आणि ते क्रूसांना अडखळत पळत होते. कुणी गव्हात घुसलं, कुणी सरळ कालव्यात उडी घेतली. वडाखालची हवा काळी झाली होती. एवढा मोठा आवाज माश्यांचा असतो हे मला माहीत नव्हतं. गिरणीच्या पट्ट्यासारखा आवाज.

आणि खड्ड्याजवळ तू होतीस. तू पळाली नाहीस. सत्तरी ओलांडलेली बाई तू, पण पळता आलं असतं तुला, तुझे पाय माझ्यापेक्षा बरे होते. तू खुर्ची आडवी केलीस, मावशीला जमिनीवर ढकललंस, पेटीवरची पांढरी चादर ओढून तिला डोक्यापासून पायापर्यंत झाकलंस आणि तिच्यावर पालथी पडलीस. तुझ्या अंगावर दुसरं काहीच नव्हतं, नुसतं पातळ आणि पोलकं. मी बघत होतो तोवर तुझी पाठ काळी झाली. ती काळी पाठ हलत होती.

मी काचा वर केल्या आणि गाडी आत घातली. फाटकातून गाडी जात नव्हती, म्हणून कुंपण तोडलं. कबरींवरून नेली, अक्का. क्रूस मोडत गेले, मला बोनेटवर एकेकाचा धक्का कळत होता. बाबांचा क्रूस मोडला तेही कळलं. तुझ्याजवळ गाडी थांबवली, सीटमागची ताडपत्री ओढली आणि दार उघडलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तोंडात माशी गेली, ती मी चावली. तुझ्या मानेवरून हात फिरवला तर मुठीत माश्या आल्या, मी त्या चिरडल्या, पुन्हा हात फिरवला. तुझ्या कानात माश्या होत्या. नाकात होत्या. मी ताडपत्री तुम्हा दोघींवर टाकून तुम्हाला पोत्यासारखं ओढलं. मी देवाला शिव्या देत होतो, आईबहिणीवरून, मोठ्यानं. तू खालून म्हणालीस, "आधी हिला." मी तुला आधी उचललं तर तू माझ्या हाताला चावलीस. खरोखर चावलीस. वळ अजून आहे. मग मी तिला आधी घातलं.

संगमनेरपर्यंत मी गाडी कशी नेली ते मला ठाऊक नाही. एक डोळा सुजून बंद झाला होता. गाडीत अजून माश्या होत्या आणि त्या चावतच होत्या. तुझं तोंड सुजून ओळखू येत नव्हतं. तू एवढंच बोललीस, "गाडी कबरींवरनं आनलीस?"

"व्हय."

"बाबाचा क्रूस?"

"मोडला."

थोड्या वेळानं तू म्हणालीस, "आता लाकडी बसव. शिमिटाचा टिकत न्हाई."

दवाखान्यात दोन नर्स तुझ्या पाठीवरून काटे काढत बसल्या. पात्यानं हळूच खरवडायचे आणि स्टीलच्या ताटलीत टाकायचे. ताटलीचा तळ काळा झाला. त्यातली एक पोरगी मध्येच उठून बाहेर गेली आणि भिंतीला टेकून रडली, मग परत येऊन बसली. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, विष फार गेलंय, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय, किडन्या थकल्यात, आम्ही करतोय पण तुम्ही मनाची तयारी ठेवा. मी त्याला म्हणालो, माझी तयारी नाही, तुम्ही तिच्या किडन्यांची करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू बऱ्यापैकी शुद्धीत होतीस. सारजामावशी पलीकडच्या वॉर्डात होती. तिला चादरीतून, तुझ्या अंगाखालून, थोडेच डंख झाले होते. तू विचारलंस, "सारजा?" मी म्हणालो, "जगंल म्हनत्यात." तू म्हणालीस, "बरं." आणि मला तुझा एवढा राग आला की मी पलंगाची दांडी धरून गदागदा हलवली. सलाईनची बाटली वाजायला लागली.

"अक्का, आता बोल. मालक कोन हाय?"

"तोच."

"हे बी त्यानंच केलं?"

तुझे डोळे उघडत नव्हते. ओठ फाटले होते. मला वाटलं तुला झोप लागली.

"व्हय," तू म्हणालीस. तोंड माझ्याकडं वळवलंस. मग म्हणालीस, "शमू, मला राग आलाय त्याचा. लई राग आलाय."

तुझ्या तोंडून हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. नवरा मेला तेव्हा नाही, आई मेली तेव्हा नाही.

"वारं त्याचं ऐकतं म्हनून सांगत आले पोरींना," तू म्हणालीस. "दर्या ऐकतो. वादळाला गप म्हनला तर गप बसलं. मग माश्यांना एक शब्द सांगायला काय हुतं? एकच. म्या पालथी पडून वाट बघत हुते त्या शब्दाची."

मी जिंकलो होतो. चांद्याच्या पोटावरचे केस जळाले त्या दिवसापासून मी याच वाक्याची वाट बघत होतो, आणि आता मला ते नको होतं.

"मग सोड की त्याला," मी म्हणालो.

"सोडून?" तू हसायला गेलीस आणि ओठातून रक्त आलं. "सोडलं तर ह्यो राग घेऊन कुनाच्या दारात जाऊ? तुझ्या?"

मी ओल्या कापसानं तुझा ओठ पुसला. मला तुला तेव्हा सांगायचं होतं की माझ्या दारात ये. जन्मभर तू माझा सगळा राग घेतलास, खिडकीच्या काचेपासून. मला सांगायचं होतं की बायको गेल्यावर दोन वर्षं मी नुसता जेवत राहिलो तो तू ताट वाढत राहिलीस म्हणून. मी म्हणालो, "पानी पाहिजे का?" तू म्हणालीस, "नको."

सकाळी गेलीस. खाली दुधाच्या टँकरची रांग लागली होती आणि कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. मी खिडकीतून ओरडून त्याला शिवी दिली. वळलो तर तुझी छाती हलत नव्हती.

त्यानंतर मला एक माणूस हवा होता. तुला घरी आणून ओसरीत ठेवलं, बायका तुझ्याभोवती बसल्या, आणि मी अंगणात एक माणूस शोधत फिरत होतो. कुणीतरी कुजबुजलं, सुरेशनं वडाखाली बिडी पेटवली होती, धुरानं माश्या उठल्या. सुरेश तुझ्याच उपासनेतला, पेटीला खांदा दिलेला. तो तुझ्या दर्शनाला आला होता. मी त्याला फाटकातच धरला. तोंडावर मारलं. तो खाली पडला तरी मारलं. त्यानं हात वर केले नाहीत. त्याचे हात सुजून कोपरापर्यंत टणक झाले होते, त्यालाही त्या चावल्या होत्या. "म्या बिडी वढतच न्हाई दादा," तो म्हणत होता, "सोडली म्या, अक्कानंच सोडवली."

चौघांनी मला ओढलं. तात्यांची सून मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पुण्याच्या पाहुण्यांना येता आलं नव्हतं म्हणून तिनं दफनविधीचं शूटिंग केलं होतं. "आधी हे बघा," ती म्हणाली, "मग मारा ज्याला मारायचं त्याला."

मी बघितलं. पेटी दिसते, तू दिसतेस, पाळकसाहेब दिसतात. वरच्या कोपऱ्यात घारीसारखा एक पक्षी येतो. पंख मिटतो आणि मोहोळावर सरळ धडकतो. पोळ्याचा लचका तोडतो. जातो. मोहोळावरून एक लाट सरकते, अंगावर काटा यावा तशी. मग मोबाईल हलतो आणि आभाळ, पाय, माती दिसते.

मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. त्यात माणूस कुठंच नाही, अक्का. कुणी दगड मारला नाही, कुणी धूर केला नाही. पक्ष्याला भूक लागली होती. तुझ्या हिशेबानं पक्षी त्याचा, भूक त्याची, माश्या त्याच्या, नांगीतलं विष त्याचं. माझ्या मुठीवर सुरेशचं रक्त वाळत होतं आणि मला आता मारायला तुझ्या मालकाशिवाय कुणी उरलं नव्हतं. आणि तो तर, मी तुला कायम सांगत आलो, नाहीच.

पाळकसाहेब म्हणाले, पहाटेच्या गारव्यात माश्या आखडलेल्या असतात, तात्यांनाही तसंच मातीआड केलं, तेव्हा गुपचूप उरकू. त्यांचाही चेहरा भोपळ्यासारखा झाला होता. मी म्हणालो, "माझ्या बहिणीला त्या माश्यांच्या खाली चोरावानी पुरायचं? आधी मी त्या जाळणार."

"शमुवेलभाऊ, त्या अक्कांना पटलं नसतं."

"पटलं असतं. नाग मारला हुता तिनं."

मी खरंच तसं मानतो. तू मला अडवलं नसतंस. फुकणी हातात दिली असतीस.

दिवस मावळायच्या सुमारास मी डिझेलचा कॅन, फवारणीचा पंप आणि बांबूला बांधलेला पलिता गाडीत घालून वडापर्यंत गेलो. खड्डा खणून ठेवला होता. आभाळ दुपारपासून भरलं होतं आणि हवामानाचा इशारा सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण रविवारी चर्चमध्ये कुणीतरी याची चमत्कार म्हणून साक्ष देईल आणि इशाऱ्याचं सांगायचं विसरेल. मी वडाखाली उभा राहिलो आणि वर बघून ओरडलो. मोहोळाला नाही. "मालक हाईस ना? मग मार ह्यांना! तू मारतोस का मी मारू?"

मी आगपेटी काढली. पहिली गार माझ्या मनगटावर बसली, आगपेटी पडली. दुसरी डोक्यात. मग सगळं आभाळच खाली आलं. लिंबाएवढ्या गारा. मी गाडीखाली सरपटत गेलो. वर पत्रा असा वाजत होता की माझा आवाज मला ऐकू येत नव्हता. पुढची काच फुटून आत पडली. तिथून, चाकांच्या मधून, मी बघितलं. मोहोळं फाटून खाली येत होती. अख्खी पोळी मेणामधासकट कबरींवर आपटत होती, आणि माश्या उडायला जायच्या तर गारा त्यांना चिखलात ठोकत होत्या. वडावर रात्रीच्या मुक्कामाला बगळे आले होते. तेही पडत होते, पंख मोडून, पांढरे. एक माझ्या तोंडापुढं पडला आणि चोच उघडझाप करत मेला.

आणि मला खुशी झाली, अक्का. मी गाडीखाली पडून "मार, अजून मार" असं ओरडत होतो. डोक्यातून रक्त गळून डोळ्यात जात होतं. मग गारांवरून येणारा वारा बदलला आणि कांद्याचा वास आला. ठेचलेल्या पातीचा. माझं अर्धं रान काढायचं होतं. तात्यांच्या गव्हात तर एक काडी उभी राहिली नसणार. मी ओरडायचं थांबलो. पण गारा थांबल्या नाहीत. मी मागितलं तेवढंच मारून त्या थांबणार नव्हत्या.

सकाळी तुला पुरलं. कुणालाच माशी चावली नाही. जमिनीवर ओल्या माश्या रांगत होत्या, बायका त्यांच्यावर पाय देत आत आल्या. मधाला मुंग्या लागल्या होत्या. पाळकसाहेबांनी मला विचारलं, भाऊ, दोन शब्द? मी मान हलवली, नाही म्हणून. पण मी कुंपणाच्या आत उभा होतो. तेवढं तू बघितलंस असं समजतो. सुरेशनं फाटक्या ओठानं गाणं धरलं आणि पहिली माती त्यानंच मला ओंजळीत दिली.

मला वाटलं, झालं. आता घरी जाऊन बसायचं, कांदा किती राहिला ते बघायचं, आणि भांडायला कुणी नाही याची सवय करायची.

पण तिसऱ्या प्रहरी सारजामावशी आली. तिला दवाखान्यातून परस्पर तुझ्या मातीला आणलं होतं, आणि तिथून घरी गेल्यावर ती झोपलीच नाही म्हणे. काठी टेकत, सुनेला फाटकाबाहेर ठेवून, एकटी आत आली. एक डोळा अजून उघडत नव्हता. तुझ्या बाजेवर बसली आणि म्हणाली, "शमुवेल, देव न्हाई."

माझ्या तोंडून निघालं, "असं नका बोलू, मावशी."

मी स्वतःच दचकलो. तिनं ऐकलंच नाही. "धडधाकट बाईला मारलं आन मला ठिवलं. माझं काय काम हाय हितं? गुडघं गेलं, मालक गेला. कुनी मालक-बिलक न्हाई वर. रान मोकळं हाय. पाखरू आलं, मोहोळ उठलं, ती मेली. एवढंच."

शब्द न् शब्द माझा होता. मी जन्मभर तुला हेच सांगत आलो. मला फक्त मान डोलवायची होती. पण ती तुझ्या बाजेवर बसून, तुझ्या उशीला टेकून ते बोलत होती, आणि समोर उत्तर द्यायला तू नव्हतीस. मी म्हणालो, "रान मोकळं असतं तर अक्का पळाली असती. ती का पडली तुमच्यावर?"

"ती पडली. देव न्हाई पडला."

"तिच्या अंगात काय आलं मग तवा? कुनाच्या जिवावर पडली ती?"

"सवताच्या."

"मावशी, अक्काला मी तुमच्यापरीस जास्त वळखतो. ती सवताच्या जिवावर नळावर सुद्धा जात न्हवती. त्याला सांगून जायची."

मावशीनं एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. "मंग त्याला सांगून बी मेलीच की," ती म्हणाली. तू काय म्हणाली असतीस ते आठवत मी चहा टाकला. तिनं चहा घेतला. जाताना म्हणाली, "उद्या येते. तवर इचार करून ठिव."

ती रोज येते. मी तिला खुर्ची देतो, ती बाजेवरच बसते. काल ती म्हणाली, गारा आल्या त्या कुणाच्या सांगण्यावरून, माझा गहू का झोपवला? मी म्हणालो, त्याला विचारा. ती म्हणाली, तो दिसत न्हाई, तू दिसतोस. मला हसू आलं आणि मग बराच वेळ ते थांबेना, आणि ते हसू नव्हतं.

तू मला विचारशील, शमू, मग तू मानायला लागलास का? नाही. मी मानत नाही. मी रात्री आडवा पडलो की तुझी काळी हलणारी पाठ दिसते आणि मला कुणाचाही हुकूम, कुणाचीही मर्जी त्यात बसवता येत नाही. पण तू या घरात असताना तुझी बाजू कधी उपाशी राहिली नाही, आणि तू गेलीस म्हणून ती कुणी मांडूच नये, हे मला चालणार नाही. मला ती नीट मांडता येत नाही. मी रोज हरतो.

फाटकाशी काठी वाजतेय, अक्का. आली ती.